तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी ८०० त्रास देत नाही का?

"एवढी जुनी गाडी, त्रास देत नाही का हो?" पेट्रोल पंपावर, लग्नकार्यात, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे हा प्रश्न ठरलेला. गाडी म्हणजे मारुती ८००, २००३ चं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) मॉडेल, पहिल्यापासून आमच्याच घरातली आणि कोल्हापुरात अजून रोजच्या वापरातली. उभ्या उभ्या उत्तर देऊन समाधान होत नाही, म्हणून नीट लिहिते.

त्रास देते, पण लोक ज्याची भीती घालतात तो नाही. विचारणाऱ्याच्या मनात इंजिन असतं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं हे इंजिन साधं आहे. वेळेवर ऑइल आणि पोटात पाणी असलं की ते तक्रार करत नाही. गाडी म्हातारी होते ती रबरात. होसपाइप, बेल्ट, ऑइल सील, बुश, बूट, टायर या सगळ्यांचं वय कॅलेंडरवर मोजायचं, मीटरवर नाही. गाडी उभी राहिली तरी रबर कडक होतं आणि तडकतं. "फक्त चाळीस हजार चाललीय" असं कौतुकाने सांगणाऱ्याला म्हणूनच मी विचारते, टायमिंग बेल्ट कधी बदललाय? बहुतेकांना आठवत नसतं. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात-मिटतात ते या बेल्टमुळे. तो तुटला की गाडी आहे तिथे बंद पडते आणि आधी सूचना देत नाही. किलोमीटर भरोत न भरोत, पाच-सहा वर्षांनी मी तो बदलून घेते.

रबराचा हिशेब किती सरळ असतो ते ॲक्सलच्या बुटावरून कळतं. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या जॉइंटवर रबरी टोपण असतं, त्यात ग्रीस भरलेलं. टोपण फाटलं की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं आणि मोकळ्या जागेतून धूळ-पाणी आत जातं. तेव्हाच बूट बदलला तर किरकोळ खर्चात भागतं. दुर्लक्ष केलं की काही महिन्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक आवाज सुरू होतो आणि मग अख्खा जॉइंट जातो. सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढली की खाली वाकून ते बूट स्वतः बघा. दोन मिनिटं लागतात.

निळा धूर दिसला की "इंजिनाचं काम निघालं" असं सांगणारे खूप भेटतात. जरा थांबा. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना थोडा निळसर धूर आला आणि मग थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेत, म्हणजे परत रबरच. चढावर, ओझ्यावर सतत धूर येत असेल आणि ऑइलही कमी होत असेल, तर पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्या. त्यातही आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यायला सांगा, आकडा बघा, मग इंजिन खोलायचं बोला.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते गरम होण्याबद्दल, कारण जुन्या गाड्या खऱ्या मरतात त्या यानेच. तापमानाचा काटा कधी चढतो ते नीट बघा. सिग्नलला, गर्दीत उभं असताना चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर रेडिएटरचा पंखा लागत नाहीये. पंख्याची मोटर, फ्यूज, रिले किंवा त्याला चालू करणारा थर्मोस्विच यातलं काहीतरी गेलंय. पण वारा लागत असताना, मोकळ्या रस्त्यावर किंवा आंबा घाटात चढतो, तर पाणी कमी आहे किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेल्या रेडिएटरमध्ये क्षार बसतात, गंज धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रणच घाला आणि ते ठरावीक काळाने बदला.

गाडी गरम व्हायला लागली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकायची एक जुनी पद्धत गॅरेजमध्ये आहे. तिला माझा ठाम विरोध आहे. थर्मोस्टॅट नसलं की इंजिन वेळेत तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि थंड अवस्थेत जास्त झिजतं. मूळ दोष मात्र तसाच राहतो. रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, त्याने थोडी उष्णता बाहेर निघते, आणि जागा मिळताच थांबा. इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणून तशीच रेटली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सीलबंद पट्टी, जातं. मग ऑइल दुधाळ दिसतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. पातळी सारखी खाली जात असेल तर मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. ड्रममधल्या व्हील सिलिंडरचे रबर गेलेले असतात. पावसाळ्यात आठ-दहा दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी ठेवत नाही. घाटात ओल्या रस्त्यावर आपला जीव त्यांच्या भरवशावर असतो.

सेल्फ मरगळल्यासारखा फिरला की लोक नवी बॅटरी आणतात. त्याआधी टर्मिनल साफ करा आणि बॅटरीपासून बॉडीला, बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या बघा. गंजलेली पट्टी बदलली आणि गाडी टुणकन सुरू झाली, असं मी अनेकदा पाहिलंय.

पत्रा ही मात्र खरी चिंता. गगनबावड्याकडचा पाऊस आणि कोकणातली खारी हवा जुन्या पत्र्याला खाते. पायाखालची मॅट उचलून बघा, दाराच्या तळाची पाणी निघून जायची भोकं काडीने मोकळी करा, काचेखाली अडकलेला पाला काढा. इंजिन बदलता येतं, कुजलेला तळ नीट करणं फार अवघड.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि २००३ चे पेट्रोलचे पाइप त्या हिशेबाने बनवलेले नाहीत. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केलंय. मी पाइप बदलून घेतले. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पुरतं तापेल इतकी चालवा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून उपयोग नाही, त्याने सायलेन्सरमध्ये पाणीच साठतं.

सुट्या भागांची काळजी नको. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं आणि ७९६ सीसीचीच इंजिनं ओम्नी, अल्टोतही होती. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री डोळे मिटून हे इंजिन खोलतात. कागदपत्रांचं म्हणाल तर पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि मग दर पाच वर्षांनी तेच. पैसे लागतात, पण होतं.

विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांना स्वतःला अशी एखादी घ्यायची असते, हात बसवायला म्हणून. घ्या, पण बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. थंड इंजिन, पहिला धूर आणि रात्रभर गाडी उभी होती तिथली जमीन, एवढं आधी बघा. रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम नंतर.