कीर्द त्यांची, खतावणी आमची

अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात एका भुसार आडतीच्या दुकानात दिवाणजी होते. त्यांच्यापुढे लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या असत. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमानं कीर्दीत उतरायचा. मग रात्री तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. कीर्द खरी असते, पण कोणाकडे किती येणं आहे ते कीर्द चाळून कळत नाही, खतावणीच उघडावी लागते. तुमचा धंदा नक्की काय, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी हेच सांगतो. ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही, ही कीर्द आहे, आणि तिच्यावर चालणाऱ्या गेम्सची खतावणी आम्ही ठेवतो.

सुरुवात एका मांजरांच्या गेमपासून झाली. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर क्रिप्टोकिटीज हा गेम इथेरियम या ब्लॉकचेनवर आला आणि आठवड्याभरात त्यानं सगळं नेटवर्क तुंबवलं. मी तेव्हा हिंजवडीत डेटाबेसच्या कामावर होतो. बाकीचे वाढलेल्या फीबद्दल बोलत होते, मी मात्र त्या गेमचा कोड उघडून बसलो होतो. एका माणसाकडे कोणकोणती मांजरं आहेत, हे सांगणारं फंक्शन त्यात होतं. पण ते पहिल्या मांजरापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाचा मालक तपासत जायचं. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टनं, म्हणजे चेनवर चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमनं, हे कधीही बोलावू नये, अशी टीप लिहिणाऱ्यांनीच वर दिली होती. म्हणजे खेळणाऱ्याचा सगळ्यात साधा प्रश्न, 'माझ्याकडे काय काय आहे?', आणि त्याचं उत्तर चेनला परवडत नव्हतं. त्या रात्री मी ब्लॉक, म्हणजे चेनवरच्या व्यवहारांचे गठ्ठे, एकामागून एक उतरवून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायला लागलो.

२०१९ मध्ये नोकरी सोडली आणि कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये मी आणि एक मित्र, अशी फर्म सुरू केली. रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक तेव्हा लागू होतं. आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्यांना बँकांनी सेवा देऊ नये, असं त्यात होतं. आम्ही कुठलंही नाणं विकत नव्हतो की घेत नव्हतो, तरी अर्जात 'ब्लॉकचेन' शब्द दिसला म्हणून दोन बँकांनी चालू खातं उघडायला नकार दिला. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. तीन आठवड्यांत टाळेबंदी लागली, आणि पहिलं मोठं काम घरात बसूनच मिळालं.

काम वरून सोपं दिसतं. नोडकडून, म्हणजे चेनची प्रत ठेवणाऱ्या संगणकाकडून, ब्लॉक घ्यायचा, त्यातले लॉग, म्हणजे कॉन्ट्रॅक्टनं केलेल्या नोंदी, वाचायचे, कोणाकडून कोणाकडे काय गेलं ते खात्यावर चढवायचं. कसोटी बारीकसारीक जागी लागते. इथेरियममध्ये वस्तूचा क्रमांक २५६ बिटांचा, म्हणजे ७८ आकड्यांपर्यंत जाऊ शकतो. गेमवाले ईआरसी-११५५ हा वस्तू चेनवर नोंदवायचा नमुना वापरताना बऱ्याचदा त्याच क्रमांकाच्या वरच्या अर्ध्यात वस्तूचा प्रकार आणि खालच्या अर्ध्यात तिचा अनुक्रम बसवतात. आमच्या डेटाबेसमध्ये तो नीट होता, पण खेळाडूपुढे आणताना जावास्क्रिप्टमध्ये आम्ही त्याची साधी संख्या केली. सोळा आकड्यांच्या आसपास तिथली अचूकता संपते. शेपटातले आकडे गळले आणि एकाच प्रकारच्या शेकडो तलवारींचा क्रमांक एकच झाला. एकानं आपली तलवार विकली की दुसऱ्याची पडद्यावरून गायब. चेनवर सगळं जागच्या जागी होतं, चूक पूर्णपणे आमची होती. त्या खेळाडूंना आम्ही एकेक करून उत्तरं लिहिली. तेव्हापासून आमच्याकडे क्रमांक कुठेही संख्या म्हणून फिरत नाही, मजकूर म्हणूनच जातो.

दुसरा धडा पॉलिगॉन नावाच्या चेनवर मिळाला. तिथे तेव्हा साधारण दर दोन सेकंदांना ब्लॉक यायचा, आणि त्या काळात कधीकधी ताजे ब्लॉक मागे घेतले जाऊन त्यांच्या जागी दुसरेच येत. याला रीऑर्ग म्हणतात. जानेवारी २०२३ च्या दिल्ली नावाच्या बदलात त्यांनी स्प्रिंटची, म्हणजे एकाच ब्लॉक बनवणाऱ्याच्या सलग पाळीची, लांबी ६४ वरून १६ ब्लॉकवर आणली ती हे कमी करण्यासाठीच. त्याआधी एका स्पर्धेत आम्ही विजेता दाखवला आणि मिनिटाभरात ती चालच चेनवर उरली नाही. आमच्या प्रोग्रॅमनं जुन्या ओळी पुसून नव्या लिहिल्या. काय घडलं हे गेमच्या कंपनीला समजावून सांगायला आमच्याकडे कागदच नव्हता.

जेवताना हे अण्णांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "खाडाखोड का करतोस? चुकलेली नोंद तशीच ठेव आणि उलट नोंद कर." पुढच्या दोन महिन्यांत आम्ही आख्खी रचना तशी केली. आता एकही ओळ पुसली जात नाही. ब्लॉक मागे गेला की त्याच्या प्रत्येक नोंदीची उलट नोंद पडते, वेळेसकट. आणि प्रत्येक उत्तरासोबत ते कच्चं आहे की पक्कं, म्हणजे ब्लॉक अजून मागे जाऊ शकतो की नाही, हेही जातं. इथेरियमवर पक्कं व्हायला साधारण तेरा मिनिटं लागतात. बक्षीस द्यायचं असेल तर तेवढं थांबा, असं आम्ही ग्राहकाला करारातच सांगतो. घाई असलेले काही ग्राहक यामुळे गेले, आणि मला ते गेल्याचं दुःख नाही.

मग २०२२ आलं. अ‍ॅक्सी इन्फिनिटी हा गेम ज्या रोनिन साखळीवर चालायचा, तिचा पूल, म्हणजे एका साखळीवर रक्कम अडकवून तेवढीच दुसरीवर काढून देणारी व्यवस्था, २३ मार्चला लुटला गेला. नऊपैकी पाच व्हॅलिडेटरांच्या, म्हणजे व्यवहार मंजूर करणाऱ्यांच्या, चाव्या चोरांच्या हाती पडल्या होत्या. १,७३,६०० इथर (इथेरियमचं नाणं) आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं नाणं) गेले. चोरीइतकीच मला दुसरी गोष्ट लागली. एका माणसाला आपले पैसे काढता येईनात, तेव्हा २९ मार्चला चोरी उघडकीस आली. सहा दिवस ती नोंद सगळ्या जगापुढे उघडी पडलेली होती आणि कोणी शिल्लक जुळवून पाहिली नव्हती. अण्णांच्या दुकानात गल्ल्याची शिल्लक कीर्दीशी जुळल्याशिवाय शटर खाली यायचं नाही. आम्ही पुलांसाठी तेच उभं केलं. या बाजूला अडकवलेली रक्कम आणि त्या बाजूला निघालेली रक्कम दर ब्लॉकला ताडून पाहायची, फरक पडला की फोन वाजतो. आमच्या सगळ्या कामात मला याचा सर्वांत जास्त अभिमान आहे.

त्याच वर्षी बाजार कोसळला. सहापैकी चार ग्राहकांनी गेम बंद केले. एका ग्राहकाकडून आम्ही बिलाऐवजी त्यांचं टोकन, म्हणजे गेमचं नाणं, घेतलं होतं, ते मातीमोल झालं. त्यानंतर बिल रुपयांत किंवा डॉलरमध्येच. १ जुलैपासून टोकनांच्या हस्तांतरावर १ टक्का टीडीएस आला तेव्हा भारतातले खेळाडूही पांगले. पाच महिने मी आणि मित्रानं पगार घेतला नाही, बाकी पाच जणांचा मात्र थांबवला नाही.

बंद पडलेल्या गेम्सनी एक काम मात्र दिलं. वस्तूचं टोकन, म्हणजे तिच्या मालकीची नोंद, चेनवर राहतं, पण त्याचं चित्र आणि गुण बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर असतात. सर्व्हर बंद झाला की खेळाडूच्या हाती नुसता क्रमांक उरतो. म्हणून आता आम्ही पहिल्याच दिवशी त्या सगळ्याची प्रत काढून आयपीएफएस या अनेक संगणकांवर पसरलेल्या साठ्यावर ठेवतो. मार्च २०२४ नंतर दुसऱ्या थराच्या, म्हणजे इथेरियमच्या आधारानं चालणाऱ्या, साखळ्या आपला डेटा इथेरियमवर ब्लॉबमध्ये, म्हणजे तात्पुरत्या गठ्ठ्यांत, टाकतात, आणि तो साधारण अठरा दिवसांनी नोड टाकून देतात. तोही आम्ही उचलून ठेवतो. डिस्कचा खर्च मोठा आहे, पण तो मी कमी करणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदीचा कायदा झाला. तसली कामं आम्ही आधीही घेत नव्हतो.

आज आम्ही नऊ जण आहोत. नवीन माणसाला पहिला आठवडा कोड लिहायला देत नाही. क्रिप्टोकिटीजचे लॉग देतो आणि एका मांजराचे सगळे मालक क्रमानं काढायला सांगतो. तो कॉन्ट्रॅक्ट ईआरसी-७२१ हा एकेका वस्तूच्या टोकनचा नमुना पक्का होण्याआधीचा आहे, त्यामुळे त्याच्या ट्रान्सफरच्या लॉगमध्ये क्रमांक टॉपिकमध्ये, म्हणजे थेट शोधता येणाऱ्या भागात, नसून डेटात दडलेला असतो. आजकालच्या नियमानं शोधणाऱ्याला एकही मांजर सापडत नाही. गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीनं दुपारपर्यंत शोधलं, मग प्रोग्रॅम बाजूला ठेवून एक लॉग कागदावर उतरवून घेतला आणि बाइट मोजत बसली. पुलांची शिल्लक आता तीच पाहते.