लिंबापेक्षा कुल्हड बरा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखाद्या तरी टेबलावर लिंबं मांडलेली असतातच. प्रत्येकात एक खिळा आणि एक तांब्याची तार, मधे रंगीत वायरींचा गुंता आणि शेवटी एक एलईडी. तो लागलाय की नाही हे बघायला दोन्ही हातांचा आडोसा करावा लागतो. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘लिंबातून वीज’. यात श्रेय भलत्यालाच मिळतं. राबतं ते जस्त, आणि त्याचं नाव तक्त्यावर कुठेच नसतं.

खिळ्यावरचं जस्त आंबट रसात विरघळतं आणि विरघळताना इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातं. ते तारेतून फिरून तांब्यापाशी पोचतात, तिथे रसातले हायड्रोजन आयन त्यांना घेतात आणि त्याचे बारीक बुडबुडे तांब्याला चिकटून बसतात. तांबं झिजत नाही. संपतं ते जस्त. एका ग्रॅम जस्तातून हिशेबाने जास्तीत जास्त ८२० मिलिअँपिअर-तास निघू शकतात. लिंबाचं काम फक्त आयनांना ये-जा करायला ओली, आंबट जागा देण्याचं.

तरी लिंबाचा सेल करायचाच असेल, तर खिळा कुठला घेता यावर अर्धं काम ठरतं. हार्डवेअरच्या दुकानात नुसते ‘खिळे’ मागितले की साधे लोखंडी मिळतात आणि मल्टिमीटर अर्ध्या व्होल्टच्या आसपास अडकतो. ‘जीआय’ (जस्त चढवलेले) म्हणून मागावेत. वर करडा, खडबडीत जस्ताचा थर दिसतो. खिळ्यापेक्षा जीआय वॉशर किंवा जीआय पत्र्याची पट्टी बरी, कारण रसाला लागणारा पृष्ठभाग मोठा मिळतो. तांब्यासाठी घरातल्या दीडच्या वायरचं आवरण सोलून आतल्या तारा पंख्यासारख्या पसरवायच्या. दोन्ही धातू आधी पॉलिश पेपरने घासायचे. लिंबू कापण्याआधी ओट्यावर तळहाताने दाबून लोळवायचं, म्हणजे आतल्या फोडी फुटतात. दोन्ही धातू एकमेकांपासून सेंटिमीटरभर अंतरावर खोचायचे. आत ते एकमेकांना लागले तर सेल तिथेच संपला. मीटर ०.९ ते १ व्होल्ट दाखवेल. एकाच लिंबात चार जोड्या खोचल्या की चार व्होल्ट मिळतील, असं अनेकांना वाटतं. मिळत नाहीत. रस एकच असला की सेलही एकच. व्होल्ट वाढवायचे तर लिंबं वेगळी हवीत आणि एकाचं तांबं पुढच्याच्या जस्ताला जोडायला हवं.

अशी चार लिंबं जोडली की मीटरवर साडेतीन व्होल्टच्या पुढे आकडा येतो. लाल एलईडीला लागतात १.८. लांब पाय तांब्याकडे, आखूड पाय जस्ताकडे लावून एलईडी जोडतो, तो मिणमिणतो आणि आकडा धाडकन खाली येतो. टाकी चौथ्या मजल्यावर आहे, पण नळाला सुतळीएवढीच धार. लिंबाचा अंतर्गत रोध हजारो ओहमपर्यंत जातो, त्यामुळे हातात पडतो एक मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी प्रवाह. जुन्या टॉर्चच्या बल्बला तीनशे मिलिअँपिअर लागत. तो लिंबांवर लावायचा म्हटलं तर हजारभर लिंबं आणावी लागतील, आणि एवढी लिंबं घरात आल्यावर त्यांचं लोणचं घालावं हेच कुणालाही सुचेल. फक्त ज्या लिंबात जस्त खोचलंय ते लोणच्यात नको आणि सरबतातही नको. ते फेकायचं.

बटाट्याची गोष्ट थोडी बरी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की आठ मिनिटं उकडलेला बटाटा कच्च्यापेक्षा जवळजवळ दहापट शक्ती देतो. उकडल्याने पेशींच्या भिंती मोडतात, आतले क्षार मोकळे होतात आणि रोध उतरतो. तेवढ्याच विजेमागे जस्त मात्र तेवढंच जातं.

जास्त प्रवाह हवा असेल तर स्वयंपाकघरातल्या फॉइलकडे आणि कोळशाकडे वळावं. पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी फॉइल, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर, त्यावर दोन-तीन चमचे कोळशाची पूड आणि पुडीत दाबलेली तांब्याची उघडी तार. शंभर मिलिलिटर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, साधारण ३५ ग्रॅम. पूड आणि फॉइल कुठेही एकमेकांना टेकता कामा नयेत. हाताने दाबलं की प्रवाह वाढतो, कारण पुडीचे कण जवळ येतात. इथे ॲल्युमिनियम खर्ची पडतं आणि कोळशाच्या भोकांत शिरलेला हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून सगळं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवू नये. व्होल्ट ०.६ ते ०.८ एवढेच, पण प्रवाह दहा-वीस मिलिअँपिअर सहज, चांगली पूड असेल तर त्याच्या पुढेही. गोची कोळशाची आहे. इस्त्रीवाल्याकडचा किंवा शेगडीचा कोळसा नीट भाजलेला नसेल तर त्यातून वीज वाहतच नाही. तुकड्याला मीटरच्या दोन्ही पिना टेकवून बघायचं: काही ओहम दाखवले तर घ्यायचा, आकडाच आला नाही तर शेगडीत परत. मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन कुटून घेतला तर काम बहुधा निभतं. काही वेळाने फॉइलवर पांढरा, बुळबुळीत थर येतो आणि उजेडाकडे धरलं की भोकं दिसतात.

पण घरगुती सेल म्हणावा असा खरा सेल वेगळाच आहे, कुल्हडाचा, म्हणजे चहाच्या मातीच्या पेल्याचा, आणि त्याचं सामान भाजीवाल्याकडे मिळत नाही. ते कृषी सेवा केंद्रात आणि चहाच्या टपरीवर मिळतं. इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० मध्ये जस्त, चांदी आणि खारट पाण्यात भिजवलेले तुकडे यांची चळत रचली आणि त्याबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. चळतीच्या वजनाने खालच्या तुकड्यांतलं पाणी बाजूने गळायचं आणि सेल बाहेरून शॉर्ट व्हायचे. त्याहून मोठी अडचण त्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांची. त्यांची चादर चांदीवर किंवा तांब्यावर पसरली की प्रवाह घटत जातो. लिंबू हलवलं की एलईडी क्षणभर उजळतो तो बुडबुडे सुटल्यामुळे. १८३६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डॅनिअल यांनी बुडबुडेच येणार नाहीत अशी व्यवस्था केली: तांबं मोरचुदाच्या (निळ्या कॉपर सल्फेटच्या) पाण्यात ठेवलं. आता तांब्यापाशी हायड्रोजनऐवजी तांबंच जमतं.

मोरचूद कोकणात सुपारीवाल्यांना आणि नाशिकला द्राक्षवाल्यांना सांगायला नको. बुरशीवर फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. सेलला पन्नास ग्रॅम पुरे. दोनशे मिलिलिटर कोमट पाण्यात ते विरघळवायचं आणि वर चार खडे तसेच तळाशी सोडायचे, म्हणजे वापराने पाणी फिकं पडत गेलं की ते आपोआप विरघळत राहतात. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं, आणि पुन्हा स्वयंपाकात न वापरायचं. लोखंडाच्या भांड्यावर तांबं चढतं, ॲल्युमिनियमच्या भांड्याला तर भोक पडू शकतं. मोरचूद विषारी आहे. हात धुवायचे आणि मुलांच्या हाती बरणी द्यायची नाही.

मोरचुदाचं पाणी जस्तापर्यंत पोचू नये म्हणून मधे लागते ती भिंत म्हणजे कुल्हड. डॅनिअलच्या सेलमध्येही पुढे सच्छिद्र मातीचंच भांडं रूढ झालं. कुल्हड निवडायला पाणी भरून ठेवायचं. पाच-दहा मिनिटांत बाहेरून ओला रंग चढला तर उत्तम. अर्ध्या तासानेही कोरडाच राहिला तर वर झिलई आहे, त्यातून आयन जाणार नाहीत. थेंब गळू लागले तर कच्चा भाजलाय. चांगला निघालेला कुल्हड अर्धा तास मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. ही पायरी गाळली की मीटर १.१ व्होल्ट दाखवतो आणि एलईडी मात्र ढिम्म, कारण कोरडी माती म्हणजे मोठा रोध. मग कुल्हडात शंभर मिलिलिटर पाणी, सपाट चमचाभर मीठ आणि जस्त. मिठाऐवजी त्याच कृषी सेवा केंद्रातलं झिंक सल्फेट दहा ग्रॅम घातलं तर सेल जास्त सुरळीत चालतो. कुल्हड मोरचुदाच्या बरणीत ठेवायचा, काठ पाण्याच्या वर राहील असा, आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे.

जस्तासाठी जीआय पट्टीवर थांबू नये, तिचा थर फार पातळ असतो. संपलेल्या स्वस्त पेन्सिल सेलचं आतलं डबडंच जस्ताचं असतं. मात्र सेलवर ‘अल्कलाइन’ लिहिलेलं असेल तर तो उघडायचा नाही, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी जाळतं. लिथियमच्या सेलला तर पक्कड लावायचीच नाही, आग लागते. झिंक-कार्बनचा असेल तर हातमोजे घालून, पकडीने बाहेरचं आवरण सोलून काळा लगदा काढून टाकायचा, डबडं धुऊन घासायचं. मधली कांडी कार्बनची असते, ती जपून ठेवावी. तांब्याच्या तारेऐवजी ती कोळशाच्या सेलमध्ये खोचली तर गंजत नाही.

असे दोन कुल्हड जोडले की २.२ व्होल्ट आणि लाल एलईडी भर दिवसा दिसेल असा लागतो. शंभर लिंबांची आरास बघून आलेल्या माणसाला हे दोन कुल्हड दाखवावेत. भिंतीवरचं घड्याळही यावर चालतं. एका कुल्हडाचे १.१ व्होल्ट बहुतेक घड्याळांना अपुरे, दोघांचे २.२ जास्त, म्हणून मधे एक साधा सिलिकॉन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाकायचा, तो अर्धा-पाऊण व्होल्ट खाऊन टाकतो.

या सेलची खोड अशी, की तो रिकामा बसला की बिघडतो. प्रवाह घेतला नाही तरी निळं पाणी मातीतून हळूहळू आत झिरपतं आणि जस्तावर काळपट, भुसभुशीत तांबं बसतं. म्हणून काम झालं की जस्त बाहेर काढून धुवायचं आणि मोरचुदाचं पाणी नाव लिहिलेल्या बाटलीत परत भरायचं. ते पुन्हा वापरता येतं, बेसिनमध्ये ओतायचं नाही. दुसरी खोड काठाची. पाणी मातीतून वर चढतं, काठावर सुकतं, तिथे निळे-पांढरे खडे धरतात आणि खड्यांवरून आणखी पाणी चढत जातं. चार दिवसांत टेबलावर निळं तळं. कुल्हड भिजवायच्या आधी त्याच्या काठाला बोटभर रुंद मेणबत्तीचं मेण वितळवून लावलं की हे थांबतं. पाणी आटलं तर वरून साधं पाणी घालायचं, मिठाचं नाही. मीठ आहे तिथेच असतं, उडून जातं ते पाणी.