आगमनकाळाचा तिसरा रविवार

14 डिसेंबर 2025, वसई

सकाळच्या मिस्साला आजही एकटीच गेले. सप्टेंबरात आईचा खुबा मोडला, तेव्हापासून चर्चमधली तिची जागा रिकामीच. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांतली तिसरी, गुलाबी मेणबत्ती वेदीपाशी लागली. आनंदाचा रविवार! दोन जांभळ्या जळून आखूड झाल्यात, चौथीची वात अजून कोरी आहे.

शुभवर्तमानाचं वाचन बायबलातल्या मत्तय 11 मधलं. तुरुंगातून योहान शिष्यांकडून येशूला विचारतो, जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? लहानपणापासून हे ऐकत आलेय, पण आज जिव्हारी लागलं. ज्यानं यार्देनच्या पाण्यात येशूला बाप्तिस्मा दिला, त्यानं हे विचारावं! हेरोदाच्या कोठडीत त्याचा जीव किती घाबरा झाला असेल. आणि येशू काही त्याला सोडवायला धावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे जाऊन सांगा, एवढंच म्हणतो. ‘पांगळे चालतात’ ऐकलं आणि आईचा वॉकर डोळ्यांपुढे आला. मला रागच आला. तसंच मनात म्हटलंही: प्रभू, आमच्या घरी कधी?

दहा वाजता शेजारचे काका आईसाठी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन आले. आई नऊपासूनच तयार होती. धुतलेलं पातळ, विंचरलेले केस, स्टुलावर पांढरा रुमाल, मेणबत्ती. काकांनी खिशातून छोटी गोल डबी काढली, हलकेच उघडली. “ख्रिस्ताचे शरीर.” “आमेन,” आई म्हणाली. अलीकडे बोलताना तिचा आवाज चिरकतो, तेव्हा अजिबात चिरकला नाही. मग ती किती तरी वेळ डोळे मिटून बसली. काका निघाले तरी तिनं उघडले नाहीत.

मी दारातच उभी. प्रभू आला होता, आमच्या स्वयंपाकघरावरून, ओल्या फरशीवरून, काकांच्या शर्टाच्या खिशातून. योहानाकडेही तो असाच दुसऱ्यांच्या पायांनी गेला, निरोप होऊन. बाराव्या शतकातले संत बर्नार्ड प्रभूची तीन आगमनं सांगत: पहिलं बेथलेहेमचं, शेवटचं युगान्ताचं, आणि या दोहोंच्या मधलं, गुपचूप होणारं. इतकी वर्षं नाताळ किती दिवसांवर आला तेच मोजत राहिले, या मधल्या आगमनाकडे माझं लक्षच नव्हतं.

दुपारी नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी वाट्यांत नाचणी पेरली. बायबलातल्या याकोबाच्या पत्रातला पावसाची वाट पाहणारा शेतकरी सकाळच्या वाचनात होताच. वाट्या आईच्या मांडीवर ठेवल्या. “माती भुरभुरव, दाबू नकोस,” म्हणत शेवटी तिनंच सगळं केलं. मी वाट्या ओट्यावर न्यायला निघाले, तर म्हणाली, “राहू दे इथंच, खिडकीत. रात्री मी जागीच असते, पाणी शिंपडीन.”