चार रुपयांचं व्याज

कार्यशाळा जानेवारीत झाली आणि तिचे उरलेले पैसे सप्टेंबरात आले. मधले आठ महिने मी काय करत होतो? चार रुपये सरकारला परत करत होतो.

मी सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पीएचडीच्या मुलांसाठी दोन दिवसांची संशोधन पद्धतीची कार्यशाळा घ्यायची, एवढाच बेत होता. विषय आपल्याच गावचा, यंत्रमाग आणि विडी कामगारांचं सर्वेक्षण. आमची मुलं मराठी प्रश्नावली घेऊन शहराच्या पूर्वभागात जातात, घरातल्या आजी तेलुगूत उत्तर देतात आणि मुलगा अंदाजाने रकाना भरून पुढच्या घरी जातो. हे थांबावं म्हणून सगळा खटाटोप.

दिल्लीतल्या एका संस्थेने (नाव घेत नाही, अजून एक प्रस्ताव द्यायचाय) 2 लाख मंजूर केले. निम्मे आगाऊ, निम्मे हिशेब दिल्यावर. प्रस्ताव, मंजुरी, पीएफएमएसची (सरकारी निधीचा माग ठेवणारी ऑनलाइन यंत्रणा) नोंदणी हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यातलं आता फारसं आठवतही नाही. 4 नोव्हेंबरला 1 लाख खात्यात आले, 23 आणि 24 जानेवारीला कार्यशाळा झाली. तारीख मुद्दाम संक्रांतीनंतरची घेतली. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, ऐन दिवसांत बाहेरच्या पाहुण्यांना लॉजवर खोली मिळवून देणं म्हणजे दुसरी कार्यशाळाच. पुण्याचे पाहुणे आदल्या रात्री हुतात्मा एक्सप्रेसने आले, जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन गेले. मुलं खूश, प्राचार्य खूश.

फेब्रुवारीत यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, पाठवून दिलं. नमुना 12-अ, सीएची सही-शिक्का, सोबत युडीआयएन. (हा अंक आणि अक्षरं मिळून अठरा खुणांचा क्रमांक 2019 पासून सीएच्या प्रमाणपत्रावर लागतोच. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका.) मला वाटलं, सुटलो.

मेच्या अखेरीस पत्र आलं. एकच ओळ: आगाऊ रकमेवर मिळालेलं व्याज दाखवलेलं नाही.

व्याज? मी पासबुक छापून आणलं. 1 लाख रुपये नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत बचत खात्यात पडून होते. डिसेंबरअखेर आणि मार्चअखेर मिळून 612 रुपये व्याज जमा झालेलं. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम 230 आहे. अनुदानाच्या आगाऊ रकमेवर जे व्याज मिळेल ते भारताच्या संचित निधीत परत भरायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. निधी कसा मिळवावा यावरच्या तीन कार्यशाळांना मी बसलोय. तिन्हीकडे उद्दिष्टं कशी लिहावीत यावर तासच्या तास बोलले. निधी मिळाल्यावर त्यावरचं व्याज परत भरावं लागतं हे एकाही वक्त्याने सांगितलं नाही. ते आमच्या ऑफिसातले कारकून भाऊसाहेब सांगू शकले असते, पण त्यांना वक्ता म्हणून कोण बोलावतं?

पैसे केंद्र सरकारच्या भारतकोश या पोर्टलवर भरायचे. तिथे आधी मंत्रालय निवडा, मग कशासाठी भरताय ते, मग वेतन व लेखा कार्यालय, मग आहरण (म्हणजे पैसे काढणारा) अधिकारी. चुकीचा पर्याय निवडला तर पैसे जातात, पण भलत्याच घरी. हे तपशील मंजुरीपत्रात नसतील तर फोन करून लेखी मागवा. मी सहा फोन केले तेव्हा एक मेल आला.

मग मी घाई केली. कॉलेजच्या खात्याला नेटबँकिंग नाही, दोन सह्यांचा चेक लागतो. म्हटलं, सहाशे बाराच तर आहेत. माझ्याच मोबाइलवरून भरले. पावती घेऊन नवी पेठेत सीएकडे गेलो.

“सर, हे तुम्ही भरले. कॉलेजने कुठं भरलेत? खात्यात व्याज तसंच हाय की.”

बरोबरच होतं. तुमच्या बाबतीत हे होऊ देऊ नका. भरणाऱ्याचं नाव कॉलेजचंच टाका आणि आधी पैसे खात्यातून काढा, मग भरा. मला आता उलटं करायचं होतं. व्हाउचर करून 612 चा चेक माझ्या नावे काढायचा. प्राचार्यांची सही पाच मिनिटांत झाली. दुसरी सही कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांची, आणि सचिव माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालेले. दरवर्षी चालतात. फोन पिशवीत, पिशवी ट्रकमध्ये, ट्रक पुढच्या मुक्कामाला.

एकादशीपर्यंत थांबायला हवं होतं. पण चिडलेला माणूस थांबत नाही. जुलैच्या सुरुवातीला पालखी वेळापूर मुक्कामी आली तसा चेकबुक घेऊन गाडीवर गेलो. दिंडी क्रमांक विचारत दोन तास तंबू पालथे घातले. सचिव पाय शेकत बसले होते.

“माउली, तुम्ही इथं?”

मी चेक पुढे केला. त्यांनी रक्कम वाचली, परत वाचली. “सहाशे बारा रुपयांसाठी वेळापूर?” शेजारच्या टाळकऱ्याची पाठ घेऊन त्यांनी सही केली आणि मला पिठलं-भाकरी खायला बसवलं. अख्ख्या प्रकरणातला तेवढा एक तास बरा गेला, हे कबूल करतो.

सोमवारी चेक बँकेत टाकला, पासबुक छापलं आणि खाली बघतो तर शिल्लक 4 रुपये. 30 जूनला तिमाही व्याज पडलं होतं. त्या 612 रुपयांवर.

म्हणजे मी वेळापूरला पोचायच्या आधीच हिशेब चुकला होता. खातं बंद करून टाकावं तर दुसरा हप्ता त्याच खात्यात येणार. ठेवावं तर तिमाही संपली की त्यात काहीतरी व्याज पडणारच. सीए हसले, मग म्हणाले, चार रुपयेही भरा, उगाच परत पत्र नको. चार रुपयांचा चेक बघून बँकेतल्या मॅडमनी तो उलटून पाहिला. “मागं काही लिवलंय का बघतेय ओ सर.” सचिव तोवर पंढरपूरहून परतले होते. त्यांनी काही न बोलता सही केली.

या वेळी कॉलेजच्या नावाने भारतकोशात 4 रुपये भरले. शिल्लक शून्य. त्याच दिवशी बँकेकडून शिल्लक दाखला घेतला आणि त्याच तारखेचं नवं यूसी संध्याकाळी मेलने पाठवलं. ही एक गोष्ट मात्र फेब्रुवारीतच कळायला हवी होती. दाखल्याची आणि यूसीची तारीख एकच ठेवा, आणि तिमाही संपायच्या तोंडावर यूसी करू नका.

आठवलं म्हणून सांगतो. पाहुण्यांची मूळ तिकिटं त्यांच्याकडून स्टेशनवरच मागून घ्या, नंतर ती कुणाच्याच खिशात नसतात. सामाजिक शास्त्रवाल्यांना आयसीएसएसआरचं (सामाजिक शास्त्र संशोधन परिषद) पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत विद्यापीठाच्या आवारात आहे. विज्ञानवाल्यांनी जुन्या एसईआरबीचे (विज्ञान संशोधनाला निधी देणारं मंडळ) फॉर्म शोधत बसू नये, 2023 च्या कायद्याने ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलंय. आणि सोलापूरचं विद्यापीठ 2004 ला झालं म्हणून बरं, त्याआधी आमचे सर प्रत्येक कागदाला कोल्हापूर गाठायचे. तो काळ मला या प्रकरणात वारंवार आठवला.

दुसरा हप्ता सप्टेंबरात एका दुपारी पावणेचारला जमा झाला. केटरर आणि छपाईवाला आठ महिने थांबले होते. त्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी गेले. एक रात्र रक्कम खात्यात राहिली आणि 30 सप्टेंबरला 7 रुपये व्याज पडलं. ही आधीच्या खर्चाची भरपाई आहे, तिच्यावरचं व्याज परत करायचं नसतं, असं सीएनी सांगितलं. मी ते त्यांच्याकडून लिहून घेतलं.

भाऊसाहेब तरी पासबुक घेऊन दारात उभेच. “सर, सचिव गावातच हायत. चेक लिहू का?”