संगणकाचा आवाज रिसिव्हरला जोडताना

संगणक आणि होम थिएटरचा रिसिव्हर (स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) आमच्याकडे एकाच खोलीत आहेत, मध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. संगणकात वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेलं शास्त्रीय संगीत आहे आणि सिनेमेही त्यावरच बघितले जातात. त्यामुळे आवाज पाच स्पीकर आणि सबवूफरवर यावा, एवढीच इच्छा होती. पण दुकानात विचारलं की प्रत्येक जण वेगळी वायर हातात देतो. ती का घ्यायची, हे कुणी सांगत नाही.

पहिली वायर सगळ्यात साधी. संगणकाच्या मागच्या हिरव्या जॅकमधून निघायची आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना. लावताच गाणं सुरू झालं, पण त्याच्या खाली बारीक घूं-घूं कायम. सिनेमात ती लपायची. तानपुरा सुरू झाला की मात्र असह्य व्हायची, आणि त्याला कारणही आहे. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल, तर तानपुऱ्याची पंचमाची तार साधारण 104 हर्ट्झला बोलते. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि तिच्या गुणगुणीत दुपटीचा म्हणजे 100 हर्ट्झचा स्वरही असतो. म्हणजे पंचमाच्या किंचित खाली एक उतरलेला स्वर अखंड लागलेला! दोन्ही मिळून सेकंदाला चारेक वेळा हेलकावतात. ज्यांचा कान तानपुऱ्यावर घडलाय, त्यांना हे ऐकून न ऐकल्यासारखं करता येत नाही.

आमच्या गल्लीत मंडपांना साउंड पुरवणारे एक काका आहेत. ते आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “ताई, आधी केबलवाल्याची वायर काढून बघा.” सेट-टॉप बॉक्सची जाड वायर काढली आणि घूं-घूं जवळजवळ गेलीच. संगणकाचं अर्थिंग घरातल्या तीन पिनांच्या प्लगमधून, केबलचं अर्थिंग बाहेर कुठेतरी दुसरीकडे. दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला, तरी ऑडिओ वायरच्या जाळीतून करंट फिरतो आणि तोच स्पीकरमध्ये ऐकू येतो. पण सासूबाईंच्या मालिका बंद करायच्या नव्हत्या. दोन्ही अर्थिंग एकमेकांपासून तोडायला वायरीच्या मध्ये लावायचा आयसोलेटर मिळतो, त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. काकांच्या मते स्वस्तातला घेतला तर खर्ज पातळ होतो. मग तो नकोच.

म्हणून ऑप्टिकल वायर आणली. तोशिबाने 1983 साली काढलेली ही पद्धत. आवाज प्रकाशातून जातो, दोन यंत्रांमध्ये तांब्याचा एक धागाही नाही, त्यामुळे दोन अर्थिंग एकमेकांना भेटतच नाहीत. टोकावरची प्लॅस्टिकची टोपी काढून संगणकाला लावली तर दुसऱ्या टोकाला लाल ठिपका चमकला. रिसिव्हरला जोडली आणि तानपुरा पहिल्यांदा स्वच्छ ऐकला. संगीतापुरता प्रश्न तिथेच सुटला होता.

सिनेमा-गेमचं मात्र अडलं. ऑप्टिकलमधून साधा, न दाबलेला आवाज दोनच चॅनलचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरपुरता जातो. पाच चॅनल हवे असतील तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या आवाज दाबायच्या पद्धतींमध्ये दाबलेले असावे लागतात. सिनेमाच्या फाईलमध्ये तसा ट्रॅक असेल तर ठीक. गेममध्ये आवाज जागच्या जागी तयार होतो, त्यामुळे संगणकात तो तिथल्या तिथे दाबून देणारी सोय नसेल तर मागचे स्पीकर गप्पच. मुलाने हे लगेच ओळखलं. ब्ल्यू-रे डिस्कवरचे ट्रूएचडीसारखे मोठे, दर्जा न घटवता दाबलेले ट्रॅक तर या वायरीत मावतच नाहीत.

रिसिव्हरच्या पुढच्या बाजूला यूएसबीही होतं. बऱ्याच जणांना वाटतं, संगणक तिथे जोडता येईल. बहुतेक रिसिव्हरमध्ये ते फक्त पेनड्राइव्हसाठी असतं, घेण्याआधी माहितीपुस्तिका बघाच.

राहिलं एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर. यातून आठ चॅनल न दाबता जातात आणि ट्रूएचडीसुद्धा. वायर रिसिव्हरच्या इनमध्ये लावायची, आउटमधून टीव्हीकडे न्यायची. संगणक टीव्हीला आणि तिथून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरीतून उलटा पाठवायची सोय) रिसिव्हरला, असंही करता येतं, पण साध्या एआरसीतून न दाबलेले पाच चॅनल जात नाहीत, त्याला तिची नवी आवृत्ती, ईएआरसी लागते. आमचा टीव्ही जुना.

एचडीएमआयची अडचण वेगळीच. विंडोजला रिसिव्हर म्हणजे दुसरा स्क्रीन वाटतो, आणि माउसचा बाण टेबलावरच्या स्क्रीनवरून घसरून तिकडे गायब होतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या स्क्रीनचा चौकोन ओढून पहिल्याच्या कोपऱ्याला तिरका टेकवला, की बाण त्या एका टोकाशिवाय पलीकडे जाऊ शकत नाही. मग साउंडच्या सेटिंगमध्ये 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) निवडून एकेका स्पीकरची चाचणी घेतली. मागचा डावा खरंच मागे डावीकडे वाजतोय ना, हे तेव्हाच बघून घ्यावं.

आता दोन्ही वायरी जोडलेल्या आहेत. सिनेमा आणि गेम एचडीएमआयवर, संगीत ऑप्टिकलवर. संगीतही एचडीएमआयवर चालेल, पण आमच्याकडे शांततेनंतर रिसिव्हरला सिग्नल पकडायला क्षणभर लागतो आणि आलापाचा पहिला ‘आ’ कापला जातो. शिवाय स्क्रीन झोपला की आवाजही बंद. मला तर रात्री स्क्रीन बंद करूनच ऐकायचं असतं. खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदलायचं आणि रिमोटवर इनपुट, एवढंच काम. सासूबाईंनाही ते जमतं.