डॉक्टर पार्किंगमध्ये आहेत

मंगळवारी दुपारी मी एका आठ वर्षांच्या मुलाशी पंचवीस मिनिटं डायनासोरवर गप्पा मारल्या. भर कामाच्या वेळेत, क्लिनिकच्या पगारावर. त्याच्या दाढेवर सीलंट लावायचं होतं. डॉक्टरांनी दाढ तपासलेली, चार्टवर लिहिलेलं, माझा ट्रे मांडून तयार. मी सक्शन उचलली आणि मॅनेजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "डॉक्टर आत नाहीत. थांब."

डॉक्टर खाली पार्किंगमध्ये होते. कुणीतरी त्यांच्या गाडीला घासून गेलं होतं, ते विम्यासाठी फोटो काढत होते. खिडकीतून मला त्यांचं टक्कल दिसत होतं.

सीलंट म्हणजे काय, तर कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचा साफ करायच्या, जेल लावायचं, धुवायचं, वाळवायचं, वर पातळ रेझिन सोडायचं आणि निळ्या लाइटनं ते कडक करायचं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. जालन्याला मोंढ्याजवळ माझं क्लिनिक होतं तेव्हा अकरा वर्षांत मी आडव्या अक्कलदाढा फोडून काढल्या आहेत, लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात टाके घातले आहेत. आणि इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये मला खाली वाकून फोटो काढणाऱ्या माणसाची वाट बघायची, कारण तो माणूस क्लिनिकच्या दाराच्या आत असल्याशिवाय मी या मुलाच्या तोंडाला हात लावायचा नाही.

घरी फोनवर आई सगळ्यांना सांगते, "तिकडंपण ती दातांच्याच दवाखान्यात आहे." खोटं काही नाही त्यात. फक्त खुर्चीच्या कोणत्या बाजूला, ते ती सांगत नाही. मी डाव्या बाजूला असते. उजवीकडचं स्टूल डॉक्टरांचं.

भारतातून बीडीएस होऊन आलेले आमच्यासारखे बरेच जण परीक्षांच्या मधल्या काळात हेच करतात. आधी ज्ञानाची परीक्षा, मग निर्णयक्षमतेची, मग ओटावाला जाऊन प्लास्टिकच्या डोक्यावर दात कोरून दाखवायचे. पहिल्या दोन झाल्या. तिसरीची फी साठवते आहे. तोवर मी लेव्हल टू डेंटल असिस्टंट, आणि तेही वेगळी परीक्षा देऊन. लेव्हल वन असते तर सीलंटचं नावही काढायला नको होतं. लेव्हल टूला सीलंट, फ्लोराइड, रबर डॅम, रबर कपानं पॉलिश, अभ्यासाच्या साच्यासाठी माप घेणं, असं काय काय करता येतं. मात्र डॉक्टरांनी पेशंट आधी तपासलेला हवा, काम त्यांनी सांगितलेलं हवं आणि ते स्वतः जागेवर हवेत. एक्सरेसाठी वेगळा रेडिएशनचा कोर्स आहे, तोही केला.

आणि स्केलिंग? किटण काढायचं? त्याला मी हात लावायचा नाही. डॉक्टर शेजारी बसून बघत असले तरी नाही. स्केलिंग इथे कायद्यानं ठरावीक व्यावसायिकांसाठीच राखलेलं काम, म्हणजे 'कंट्रोल्ड अ‍ॅक्ट' आहे. माझ्या हातून जालन्यात किती किलो किटण निघालं असेल याचा हिशेब मी कधीच ठेवला नाही. मिश्रीनं काळे झालेले दात, तंबाखूचे. इथे स्केलिंगच्या अल्ट्रासॉनिक यंत्राची टोकं मी फक्त निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये घालते आणि काढते.

ते काम आमच्याकडे हायजिनिस्ट करते. पन्नाशीची आहे, मूळची पोर्तुगालची, मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारते आणि ते तिनं थट्टेत म्हटलं की मायेनं हे दोन वर्षांत मला कळलेलं नाही. तिचं शिक्षण कॉलेजच्या डिप्लोमाचं. तिला मात्र डॉक्टर पार्किंगमध्ये असोत, सुट्टीवर असोत की देशाबाहेर, फरक पडत नाही. तिची खोली वेगळी, तिची अपॉइंटमेंटची वही वेगळी. परवानगीचा शिक्का घेतलेल्या हायजिनिस्टनं ऑन्टॅरिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, स्वतःच्या जबाबदारीवर स्केलिंग सुरू करायला कुणाची हरकत नाही. हवं तर ती स्वतःचं दुकानही थाटू शकते. डॉक्टरशिवाय!

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी अक्षरशः हसले. मग रागावले. मग घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं की पाच वर्षांचं बीडीएस खुर्चीच्या डावीकडे आणि डिप्लोमावाली स्वतंत्र. नवरा वरणाला फोडणी देत होता. म्हणाला, "कायदा वाच की मग."

वाचला. २००७ च्या आधी हायजिनिस्टलाही स्केलिंगसाठी डॉक्टरची 'ऑर्डर' लागायची. आमच्या पोर्तुगीज बाईंनी तो काळ बघितलेला आहे. डॉक्टर आजारी पडला की हिचे दिवसभराचे पेशंट परत. हायजिनिस्टांनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं लावून धरलं आणि त्या वर्षी कायदा बदलला. पण मोकळीक सरसकट नाही. केमोथेरपी चालू असलेला पेशंट, दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं असा हृदयाचा आजार, चालू टीबी, किंवा तिला माहीत नसलेलं एखादं औषध, असं काही निघालं की तिनं आपल्या मर्जीनं सुरू करायचं नाही. ती पहिल्या भेटीला औषधांची यादी अशी काही वाचते, जशी आमची आजी लग्नपत्रिकेतली नावं वाचायची. एकही सोडायची नाही.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. इथे 'कॉलेज' म्हणजे शिकायची जागा नव्हे, व्यवसायावर देखरेख ठेवणारी संस्था. डेंटिस्टांचं रॉयल कॉलेज १८६८ पासूनचं आहे. हायजिनिस्टांचं स्वतःचं कॉलेज आहे, १९९१ च्या कायद्यानं मिळालेलं. तिचं नाव त्यांच्या जाहीर यादीत कुणालाही बघता येतं, तिला स्वतःहून काम सुरू करायची परवानगी आहे की नाही हेही दिसतं. तिच्याविरुद्ध तक्रार झाली तर तिचं कॉलेज तिला बोलावतं, डॉक्टरला नाही. डेंटल असिस्टंटला ऑन्टॅरिओत असं कॉलेजच नाही. बाकीच्या बहुतेक प्रांतांत असिस्टंटची नोंदणी असते, इथे नाही. म्हणजे मी चुकले तर बोलावणार कुणाला? डॉक्टरांना. म्हणून ते दाराच्या आत हवेत.

एवढं कळल्यावर राग जायला हवा होता. तो काही गेला नाही.

उलट मार्चमधल्या एका दिवशी तो वाढला. एक ट्रकचालक आला होता, पन्नाशीचा, मूळचा सुरतेकडचा. दाढ दुखत होती. डॉक्टरांनी एक्सरे सांगितला होता. मी सेन्सर आत घालायला गेले तर तोंड उघडेना. मला वाटलं घाबरला असेल. गालाच्या आत आरसा सरकवला आणि पाहिलं. पांढुरकी, संगमरवरासारखी कातडी. बोट लावल्यावर आत दोऱ्यासारखे ताठ पट्टे. विचारलं, तिखट झोंबतं का? म्हणाला, दोन वर्षं झाली, बायको भाजीत मिरचीच घालत नाही. खिशात सुपारीची पुडी होती, ती मला न विचारता दिसली.

हे मला दारातूनच ओळखता येतं. आपल्याकडे गुटखा २०१२ मध्ये बंद झाला म्हणतात, पण माझ्या खुर्चीत दर आठवड्याला दोन अंगठे मावतील एवढंच तोंड उघडणारी पोरं बसायची, विशीतली. सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीनं तोंड आतून आखडत जाण्याचा आजार. पुढे त्यातल्या काहींचा कॅन्सर होतो म्हणून दर वेळी लक्ष ठेवायचं. या एका बाबतीत माझ्या डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं, हे मी न लाजता सांगते. त्यांनी हे पुस्तकात बघितलं होतं, मी मोंढ्यात.

तो माणूस मला हिंदीत विचारतो, "डॉक्टर, क्या हुआ है?" मला डॉक्टर म्हणाला तो. आणि 'पेशंटला निदान सांगणं' हा १९९१ च्या कायद्यातल्या यादीतला पहिलाच कंट्रोल्ड अ‍ॅक्ट. मी म्हटलं, "डॉक्टरसाहब आते हैं, वो बताएँगे।" असं बोलताना माझ्याच तोंडाला सुपारी लागल्यासारखं झालं.

डॉक्टरांना स्टरिलायझेशनच्या खोलीत गाठून सांगितलं. त्यांनी पट्टीनं मोजलं, तोंड २४ मिलिमीटर उघडत होतं. निदान ४० तरी उघडायला हवं. तज्ज्ञाकडे चिठ्ठी गेली. पेशंटनं डॉक्टरांचे हात हातात घेतले. चार्टवर सही अर्थातच डॉक्टरांची. संध्याकाळी त्यांनी मला एक कॉफी आणून दिली आणि म्हणाले, "मला दिसलं नसतं." भला माणूस आहे, हे लिहिलंच पाहिजे. पण कॉफीत साखर नव्हती.

आता या सगळ्यात एक गोष्ट मी मुद्दाम शेवटपर्यंत मागे ठेवली आहे.

जालन्याच्या क्लिनिकमध्ये माझ्याकडे मावशी होत्या. आधी झाडलोट करायच्या, मग सक्शन धरायला लागल्या, मग सिमेंट कालवायला, मग माप घ्यायला, मग एक्सरेचं बटण दाबायला. मीच शिकवलं. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टमध्ये हायजिनिस्टची व्याख्या आहे बरं का: दात खरवडणारा, साफ किंवा पॉलिश करणारा, स्वच्छतेच्या सूचना देणारा. त्यांचं रजिस्टरही आहे, डेंटल मेकॅनिकचंही आहे. त्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा संमत झाला. अकरा वर्षांत मी जालन्यात एक हायजिनिस्ट बघितला नाही. स्केलिंग आम्हीच करायचो, वीस मिनिटांत, बाहेर पाच जण बसलेले असायचे. इथे हायजिनिस्ट पंधरा-पंधरा मिनिटांच्या युनिटचे पैसे लावते आणि एकेका दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी मोजते. मोजू दे. तिच्या बाहेर पाच जण बसलेले नसतात.

तर मावशी. मावशींच्या नावाचं रजिस्टर नव्हतंच कुठे. एकदा मी बँकेत गेले होते. एका गृहस्थांची कॅप निघाली होती, ते खुर्चीत बसले होते, परगावचे, एसटीची वेळ झालेली. "मॅडम, मी बसवू का?" असं मावशींनी फोनवर विचारलं आणि मी "बसवा" म्हटलं. रांगेत होते, मागचा माणूस ढकलत होता. मावशींनी कॅप बसवली. थोडी उंच बसली. चार दिवसांनी ते गृहस्थ गाल धरून आले, दाढेला ठणका. आणि मी त्यांच्यासमोर मावशींवर ओरडले. "कितीदा सांगितलंय, मी असल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून!"

एकदाही सांगितलेलं नव्हतं. मावशी खाली बघत होत्या. त्या म्हणू शकल्या असत्या, तुम्हीच सांगितलं फोनवर. म्हणाल्या नाहीत. मी कॅप काढली, घासली, पुन्हा बसवली, पैसे घेतले नाहीत, आणि त्या गृहस्थांच्या लेखी डॉक्टरीणबाई चांगल्या आणि मावशी अडाणी ठरल्या.

मोठ्या गावात शिकलेल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे असं चालत नाही. नसेल. पण जालन्यात मला वेगळा उपाय नव्हता, असं मी इतकी वर्षं मानत आले. एकटीचं क्लिनिक, बँक साडेतीनला बंद, घरी तान्हं मूल. आजही मला ते पूर्ण चूक वाटत नाही. मावशींचा हात माझ्या काही वर्गमित्रांपेक्षा हलका होता.

मंगळवारी त्या मुलाजवळ बसले होते तेव्हा ते गाल धरलेले गृहस्थ आठवले. मॅनेजरबाईंनी थांबवलं ते मला शिक्षा म्हणून नव्हतं. मी सीलंट लावलं असतं आणि ते उंच बसलं असतं, तर कॉलेजनं डॉक्टरांना बोलावलं असतं, आणि "मी पार्किंगमध्ये होतो" हे त्यांना चाललं नसतं. मला समोर उभं करून ओरडण्याची सोय त्यांना नाही.

डॉक्टर वर आले. हात धुतले. दाढ पुन्हा बघितली. मला "हं" म्हणाले. मी सीलंट लावलं, चार मिनिटं लागली, त्यांनी प्रोबनं टोकरून पाहिलं. मुलगा म्हणाला, "ट्रायसेराटॉप्सला आठशे दात असायचे." हे कुणी तपासलं कुणास ठाऊक.

रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, मावशींना फोन लावला. क्लिनिक मी विकलं ते एका नव्या डॉक्टरला. मावशी क्लिनिकबरोबरच गेल्या, खुर्ची आणि ऑटोक्लेव्हसारख्या. विचारलं, कसं चाललंय? म्हणाल्या, "छान आहे मॅडम. नवीन डॉक्टर संभाजीनगरहून येतात ना, आठवड्यात तीनच दिवस. बाकीचे दिवस मीच उघडते. कुणाची कॅप निघाली, तर बसवून देते. डॉक्टर असतात फोनवर."

मी म्हणणार होते, नका बसवू. तोंडापर्यंत आलं होतं. कोणत्या तोंडानं म्हणणार?

"उंच बसली तर?"

"आता नाही बसत मॅडम. त्या वेळेपासून मी कागद चावायला देऊन बघते आधी."

तो निळा कागद, कुठे उंच लागतंय ते दाखवणारा, मी शिकवला नव्हता. त्यांनी मला करताना बघितलं असेल, त्याच दिवशी, ओरडून झाल्यावर. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी फोनवर मीच सांगितलं होतं तुम्हाला."

थोडा वेळ पलीकडून नुसता मोंढ्यातल्या टेंपोचा आवाज आला.

"कोणत्या दिवशी?" मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पेशंट आलंय मॅडम, ठेवते."