गावाच्या टोकाचा पेट्रोल पंप

पॅट शॉर्टचं नाव काढलं की आयरिश माणूस आधी हसतो, मग बोलतो. 'किलिनास्कली' नावाची त्याची गावरान विनोदी मालिका इथल्या सरकारी वाहिनीवर कित्येक वर्षं चालली. गावातले इरसाल नमुने रंगवणं हा त्याचा हातखंडा. अशा माणसाला २००७ साली दिग्दर्शक लेनी अब्राहमसनने 'गॅरेज' या सिनेमात जोसी म्हणून उभं केलं आणि प्रेक्षकाला हसायची सोयच ठेवली नाही. 'एक होता विदूषक' बघताना लक्ष्मीकांत बेर्डेच्या चेहऱ्याकडे बघून आपण जसे बावचळलो होतो, तसंच काहीसं इथे झालं असणार.

अब्राहमसन म्हणजे पुढे 'रूम'साठी ऑस्करच्या दिग्दर्शकांच्या यादीत पोचलेला तोच. 'गॅरेज'ची पटकथा मार्क ओ'हॅलोरनची. त्या वर्षी कान महोत्सवात 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात सिनेमा दाखवला गेला, बक्षीसही मिळालं. लांबी दीड तासाच्या आतच. मी तो आयर्लंडच्या मधल्या भागात, ज्याला सगळे 'मिडलँड्स' म्हणतात तिथे, राहायला आल्यावर पाहिला. समुद्र नाही, कडे नाहीत, पर्यटक गाडीतून न उतरता पुढे जातात, असा हा भाग.

जोसी गावाच्या टोकाला एक मोडकळीला आलेला पेट्रोल पंप सांभाळतो आणि तिथेच मागच्या खोलीत राहतो. डोक्यावर टोपी, चाल जराशी फेंगडी. पंपाचा मालक त्याचा शाळेतला वर्गबंधू. जमीन बिल्डरला कधी विकता येईल याची तो वाट बघतोय. जोसीला त्याचा पत्ता नाही. शनिवार-रविवारी मदतीला डेव्हिड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा येतो. काम संपलं की दोघं मिळून बिअरचे कॅन उघडतात, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी जोसीचं बोलणं टिंगल न करता ऐकतं. या मैत्रीचं पुढे काय होतं ते सांगत नाही. पोट ढवळून काढणारं आहे एवढंच सांगते. मुलाबाळांसोबत बसून बघू नका.

संध्याकाळी जोसी पबमध्ये जातो. सगळे त्याला नावाने हाक मारतात. मग कुणीतरी त्याची खिल्ली उडवतं, बाकीचे हसतात आणि जोसीही हसतो, जरा उशिरा आणि जरा जास्तच. ते हसू बघवत नाही. गावातून ओवाळून टाकलेला, कुणी बोलत नाही असा माणूस दाखवणं सोपं होतं. इथे सगळे ओळखतात, सगळे बोलतात आणि तरीही त्याच्या आयुष्यात एकही माणूस नाही. तो ज्याच्याशी मनापासून बोलतो तो एक घोडा आहे, माळावर बांधलेला.

हे मला पटलं ते इथे राहिल्यामुळे. आमच्या गावात एक मोठा रस्ता, एक चर्च, दोन पब, एक चिप्सचं दुकान. समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचा हात न काढता एकच बोट वर करतो. हा इथला नमस्कार. ओळख असो-नसो, बोट वर होतंच. दुकानात गेलं की पावसावर बोलायचं, पाऊस नसेल तर पाऊस कसा नाही यावर. पहिले काही महिने मी घरी फोनवर सांगत होते, किती प्रेमळ लोक आहेत! आहेतच. पण त्या बोलण्याच्या पुढे एक कुंपण असतं, आणि ते ओलांडून कुणी आत येत नाही, बाहेरही येत नाही.

पलीकडच्या घरात एक म्हातारे शेतकरी एकटेच राहतात. लग्न केलं नाही, थोडी गुरं आहेत. पूर्वी ते रोज रात्री पबमध्ये जायचे, दोन पाइंट घेऊन स्वतःच गाडी चालवत परत यायचे. २०११ साली रक्तातल्या दारूची मर्यादा ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आली. २०१८ मध्ये तर त्या मधल्या पट्ट्यात सापडलं तरी परवाना जायला लागला. कायदा योग्यच आहे, त्याने जीव वाचले, त्यावर वाद नको. पण पबपासून चार मैलांवर राहणाऱ्या माणसाने यायचं कसं, हा विचार कायद्याच्या मागून रांगत आला. काही ठिकाणी रात्रीच्या 'लोकल लिंक' बसगाड्या सुरू झाल्या, आमच्या रस्त्यावर नाहीत. त्याच २०१८ मध्ये १५९ पोस्टमास्तरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्यांची पोस्टं बंद व्हायला लागली. पेन्शन घ्यायला शुक्रवारी रांगेत उभं राहणं म्हणजे नुसतं पेन्शन घेणं नव्हतं, हे कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

युरोपियन युनियनने २०२२ मध्ये एकटेपणाची पाहणी केली, त्यात आयर्लंड पहिला आला. पाचातला एक माणूस बहुतेक वेळ एकटं वाटतं म्हणाला. गप्पिष्ट म्हणून जगभर मिरवणाऱ्या देशात!

हेच गाव मयताला मात्र वेगळं दिसतं. स्थानिक रेडिओवर दिवसातून ठरलेल्या वेळी कोण गेलं त्याची नावं वाचतात. तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातला आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो. आर आय पी डॉट आय ई नावाचं निधनवार्तांचं संकेतस्थळ तर लोक वर्तमानपत्रासारखं रोज उघडतात. आणि मग मयताच्या घरी रांग लागते, दारापासून रस्त्यापर्यंत. ज्याला आयुष्यभर फक्त बोट वर केलं त्याच्या भावाचा हात हातात घेऊन प्रत्येकजण तेच एक सांत्वनाचं वाक्य पुटपुटतो, पुढे सरकतो, चहा आणि अंड्याचं सँडविच घेतो आणि कोपऱ्यात उभा राहून मेलेल्याच्या आठवणी काढतो. मी अशा रांगेत उभी राहिले आहे. हे सगळं त्याला जिवंतपणी का नाही सांगितलं, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

सिनेमाला एक गोष्ट माहीत असणं शक्य नव्हतं. २००८ मध्ये इथला घरबांधणीचा फुगा फुटला. २०१० च्या सरकारी पाहणीत अर्धवट सोडलेल्या वसाहती २,८४६ निघाल्या. म्हणजे जोसीच्या मालकाने ज्या बिल्डरसाठी पंप मोडीत काढला असता, तो बहुधा पाया खणूनच पळाला असता.

आता गावोगाव 'मेन्स शेड' निघाली आहेत, म्हणजे पुरुषांनी जमून काहीबाही काम करायच्या जागा. कल्पना ऑस्ट्रेलियातून आली, इथली संघटना २०११ ची. सुतारकाम, जुनी यंत्रं दुरुस्त करणं वगैरे. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, शेजारी उभं राहून काही ठोकत असले तर बोलतात, असा त्यांचा हिशेब. जोसीच्या वेळी हे असतं तर? कदाचित तिथेही त्याला हसले असते. माझा या गावावर तेवढा विश्वास नाही अजून.

पलीकडचे ते म्हातारे शेतकरी मंगळवारी शेडमध्ये जातात. परवा फाटकाशी भेटले, तेव्हा विचारलं, 'गॅरेज' पाहिलाय का? म्हणाले, पाहिलाय. कसा वाटला?

"घोडा चांगला होता," म्हणाले, आणि गुरुवारी पाऊस येणार असल्याचं सांगायला लागले.